स्टेपचे पशुपालक आणि आपण
डेव्हिड राइक यांच्या पुस्तकाच्या निमित्ताने

शनिवारची जेवणे आटोपली, मुले बेसमेंटमध्ये पांगली आणि चहाचे आधण पुन्हा चढले, की आपल्याकडच्या गप्पांना हल्ली एक नवे वळण लागते. कोणीतरी नळीत थुंकी भरून पाठवलेली असते आणि तिचा निकाल फोनवर आलेला असतो. मग रंगीत नकाशे आणि टक्केवाऱ्या या हातातून त्या हातात फिरतात. अशाच एका बैठकीत एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे शेवटी आर्य बाहेरून आले की नाही? एका शब्दात सांगा." एकाने सांगितले, "आले." दुसऱ्याने तितक्याच ठामपणे सांगितले, "नाही." गंमत अशी की आपापल्या उत्तराला आधार म्हणून दोघांनीही एकाच शास्त्रज्ञाचे नाव घेतले.

ते नाव डेव्हिड राइक यांचे. हार्वर्डमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेने प्राचीन हाडांतून डीएनए काढण्याच्या कामाला जवळजवळ कारखान्याचे रूप दिले. २०१८ साली त्यांचे 'हू वी आर अँड हाऊ वी गॉट हिअर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आपल्या मंडळींत ते बरेच फिरले. त्या बैठकीनंतर मी ते पुन्हा वाचायला घेतले. या वेळी शेजारी नंतरच्या वर्षांतले शोधनिबंधही ठेवले होते. त्या दुसऱ्या वाचनाचे हे टिपण.

माझे मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक महत्त्वाचे आहे आणि ते वाचावे. पण 'स्टेपचे पशुपालक' या दोन शब्दांवर त्यात पुराव्याला पेलेल त्यापेक्षा अधिक भार टाकला आहे. कोणत्या दोन समूहांचे रक्त केव्हा आणि किती प्रमाणात मिसळले, हे जनुके सांगू शकतात. त्या माणसांनी कोणती जनावरे राखली, ती घोड्यावरून आली की बैलगाडीतून, लढून आली की लग्ने लावून, हे जनुके आपण होऊन सांगत नाहीत. जिथे राइक केव्हा आणि किती एवढ्यावर थांबतात तिथले लिखाण अजून भक्कम उभे आहे. जिथे ते पुढे गेले तिथली भिंत थोड्याच वर्षांत हलली, आणि काही ठिकाणी ती त्यांच्याच हातांनी हलवली गेली.

पुस्तकाचा गाभा

काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या उत्तरेला गवताचा अफाट पट्टा आहे. त्याला स्टेप म्हणतात. तिथे इ.स.पू. ३३०० ते २६०० च्या सुमारास यमनाया नावाने ओळखली जाणारी संस्कृती होती. हे नाव पुरातत्त्वज्ञांनी दिलेले. ती माणसे स्वतःला काय म्हणत, हे कळायला मार्ग नाही. गुरे आणि शेळ्या-मेंढ्या राखाव्यात, बैलांच्या गाड्यांतून बिऱ्हाड हलवावे आणि मेलेल्या माणसाला खड्ड्यात ठेवून वर मातीचा उंच ढीग रचावा, अशी त्यांची रीत. त्या ढिगांतल्या सांगाड्यांतूनच आजचा सगळा पुरावा निघाला आहे.

२०१५ साली राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९ प्राचीन युरोपीय माणसांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य युरोपात इ.स.पू. २५०० च्या सुमारास दोरीच्या ठशांची मडकी करणारे जे लोक होते, त्यांच्या पूर्वजांपैकी सुमारे तीन चतुर्थांश यमनायासारखे होते. पुढे २०१८ मध्ये ब्रिटनचा निकाल आला. काही शतकांतच तिथल्या आधीच्या शेतकऱ्यांचा वारसा सुमारे नव्वद टक्के पुसला गेला होता. मडक्यांची नक्षी बदलली म्हणजे माणसे बदलली असे नव्हे, असे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुरातत्त्वज्ञांच्या दोन पिढ्या शिकवत आल्या होत्या. इथे माणसेच बदललेली निघाली. हा शोध मोठा आहे आणि राइक तो सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगतात. अवघड आकडेशास्त्र सोपे करून सांगण्याची हातोटी त्यांना चांगली साधली आहे.

त्यांचा प्रामाणिकपणाही नोंदवला पाहिजे. गुस्टाफ कोसिना या जर्मन अभ्यासकाच्या कल्पना नाझींनी कशा वापरल्या, हे त्यांनी लपवलेले नाही. आपल्या निबंधाला त्याचा वास येईल या भीतीने काही सहलेखकांनी नाव मागे घेतले, हेही ते सांगतात. वंशशुद्धीच्या कल्पनेला प्राचीन डीएनए सर्वांत जोरदार तडाखा देतो, हे त्यांचे उत्तर आहे आणि ते पटते. यमनाया स्वतःच मिश्र होते. त्यांच्यातला एक अंश उत्तरेच्या शिकाऱ्यांचा, दुसरा कॉकेशसच्या बाजूचा.

भारताचे प्रकरण

आपले वाचक बहुधा भारतावरच्या प्रकरणापासून सुरुवात करतात. मीही पहिल्या वेळी तेच केले होते. त्यात ऑक्टोबर २००८ मधला एक प्रसंग आहे. राइक आणि त्यांचे सहकारी निक पॅटरसन हैदराबादला लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांना आपले पहिले निष्कर्ष दाखवायला गेले. भारतीयांत पश्चिमेकडच्या लोकांचा मोठा अंश आहे, या मांडणीवर भारतीय शास्त्रज्ञांनी तीव्र हरकत घेतली. चर्चेअंती 'उत्तर भारतीय पूर्वज' आणि 'दक्षिण भारतीय पूर्वज' अशी दोन नवी नावे घडवली गेली आणि २००९ चा निबंध त्या नावांनिशी छापला गेला.

हा प्रसंग राइक मोकळेपणाने सांगतात, पण त्यातून निघणारा धडा घेत नाहीत. तडजोडीने ठरलेली ही नावे पुढे लोकांनी खऱ्या जमातींची नावे म्हणून वापरली. मुळात ते गणितातले दोन बिंदू होते. त्या बिंदूंवर बसणारा शुद्ध माणूस आज कुठेही सापडत नाही. २०१९ मध्ये वागीश नरसिंहन, राइक आणि इतरांनी ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा तर हे दोन्ही 'पूर्वज' सिंधू संस्कृतीच्या ऱ्हासानंतर, म्हणजे इ.स.पू. २००० नंतर, आकाराला आले असे दिसले. सिंधू संस्कृतीच्या लोकांचा वारसा दोघांतही होता. एकात त्याला स्टेपची जोड मिळाली, दुसऱ्यात दक्षिणेच्या जुन्या रहिवाशांची.

तीच गोष्ट प्रकरणाच्या शीर्षकाची. भारत एका टकरीतून घडला, असे ते शीर्षक सांगते. पण प्रिया मूरजानी यांच्याबरोबर २०१३ साली राइक यांनीच दाखवले की हे मिश्रण आजपासून साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात चालले होते. दोन हजारांहून अधिक वर्षे चाललेल्या गोष्टीला टक्कर कसे म्हणावे? आपल्याकडे अशा गोष्टीला सोयरीक म्हणतील, आणि मधूनमधून भांडण. शब्द निवडण्यातला हा निष्काळजीपणा छोटा नाही. वाचकाच्या डोक्यात शीर्षक राहते आणि तारखा विसरल्या जातात.

घोडा, दूध आणि स्वातच्या स्त्रिया

आता जी भिंत हलली तिच्याकडे वळू. पहिला मुद्दा घोड्याचा. चाक आणि घोडा या दोन साधनांनी यमनायांना गवताचे रान खुले झाले आणि ते पसरले, हे चित्र पुस्तकात आहे. त्यामागे डेव्हिड अँथनी या पुरातत्त्वज्ञांचे काम आहे. पण २०२१ साली २७३ प्राचीन घोड्यांच्या डीएनएचा अभ्यास आला. आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे कूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातले असल्याचे त्यात दिसले, आणि तिथून ते झपाट्याने पसरले ते इ.स.पू. २२०० ते २००० च्या सुमारास. यमनायांचा वारसा युरोपात पोचला तो इ.स.पू. ३००० च्या सुमारास, आणि त्या लोंढ्याबरोबर या कुळातले घोडे युरोपभर पसरलेले दिसत नाहीत. काही यमनाया सांगाड्यांत घोड्यावर बसण्याच्या खुणा असल्याचे २०२३ मध्ये मांडले गेले, तेव्हा घोडा त्यांना ठाऊकच नव्हता असे म्हणता येत नाही. पण घोडदळाने युरोप पालथा घातला, हे चित्र पुसावे लागते. खरा भार बैलगाडीने वाहिला असावा.

भारताच्या बाबतीत मात्र हाच पुरावा उलट दिशेने झुकतो. आपल्याकडे स्टेपचा अंश आला तो इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान, आणि तो यमनायांकडून थेट नव्हे, तर त्यांच्यानंतरच्या सिंताश्तासारख्या समूहांकडून. उरल पर्वताच्या पूर्वेच्या या लोकांकडे आऱ्यांचे चाक असलेले रथ होते आणि नव्या कुळातले घोडेही. म्हणजे एकाच 'स्टेपच्या पशुपालकां'च्या दोन लाटांत हजार वर्षांचे अंतर, आणि दोन वेगवेगळी वाहने. दोन्हींना एकच नाव दिले की हा फरक वाचकाच्या नजरेतून निसटतो.

दुसरा मुद्दा दुधाचा. पशुपालक दूध पितात, तेव्हा मोठेपणीही दूध पचवणारे जनुक त्यांनीच जगभर नेले असणार, असा अंदाज पुष्कळ दिवस होता. आपल्या घरोघरी हा विषय जिव्हाळ्याचा आहे. इथे आल्यावर ज्यांना दूध सोसत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, ती मंडळी ताक आणि दही बिनदिक्कत घेतात. यमनायांचेही काहीसे असेच होते. त्यांच्या दातांवर साचलेल्या किटणातून दुधाची प्रथिने सापडली, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे दूध त्यांच्या आहारात नक्की होते. पण दूध पचवणारे उत्परिवर्तन त्यांच्यात फारच कमी आढळते. युरोपात ते सर्रास झाले ते बऱ्याच उशिरा. मंगोलियाचे पशुपालक तर आजही बहुतांशी त्याच्याशिवायच दुधावर जगतात. ते दूध आंबवतात.

भारतातली कथा आणखी बोधप्रद आहे. दूध पचवणारे जे उत्परिवर्तन भारतात सर्वाधिक आढळते ते युरोपातलेच आहे, हे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे येता येता त्याचे प्रमाण उतरते, आणि गुरे राखणाऱ्या समूहांत ते अधिक असते. केनिया-टांझानियाच्या पशुपालकांत मात्र वेगळीच उत्परिवर्तने स्वतंत्रपणे उपजली. पण भारतातले जनुक पश्चिमेकडून आले म्हणून दूधदुभते पश्चिमेकडून आले असे होत नाही. गुजरातमधल्या कोटडा भडली येथील सिंधूकालीन खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले आहेत आणि ते स्टेपचा अंश येण्याच्या कित्येक शतके आधीचे आहेत. जनुक एका वाटेने आले, धंदा दुसऱ्या वाटेने.

तिसरा मुद्दा स्त्रियांचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाच्या मांडणीत स्टेपचा अंश मुख्यतः पुरुषांमार्फत पसरला, बलवान पुरुषांनी स्थानिक स्त्रियांशी संतती वाढवली, असे चित्र वारंवार येते. आजच्या भारतीयांच्या वाय गुणसूत्रांवरून तसे दिसतेही. पण २०१९ च्या निबंधात पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली शंभराहून अधिक माणसे होती, इ.स.पू. १२०० च्या सुमारापासूनची. भारतीय उपखंडातल्या स्टेप-वारशाचा हा सर्वांत जुना मोठा पुरावा. आणि तिथे स्टेपचा अंश मुख्यतः स्त्रियांकडून आलेला निघाला! म्हणजे डोंगरातून खाली आल्या त्या निदान त्या खोऱ्यात तरी सुना होत्या. रथावरचे योद्धे आपण चित्रांत पाहिलेले आहेत. या सुनांचे चित्र कोणी काढलेले नाही. राइक यांच्या पुस्तकातही ते नाही, कारण तो पुरावा नंतर प्रसिद्ध झाला. पण पुरावा नसतानाही तिथे पुरुष धरून चालणे, ही मोकळी जागा सवयीने भरण्याची चूक होती.

जे पशुपालक पुस्तकात नाहीत

पुस्तक मिटल्यावर असा समज होतो की भारतात पशुपालन म्हणजे स्टेपहून आलेली गोष्ट. तसे नाही, आणि त्याचा पुरावाही जनुकांचाच आहे. तो गुरांच्या जनुकांचा आहे. वशिंडाचा भारतीय बैल आणि युरोपातला बिनवशिंडाचा बैल यांची कुळे माणसाने पाळण्याच्या कितीतरी आधी, लाखो वर्षांपूर्वी वेगळी झाली होती. हे १९९४ सालीच दाखवले गेले. आपले गुरू कोणी बाहेरून आणून दिलेले नाही. ते उपखंडाच्या वायव्येला, मेहरगढसारख्या गावांच्या परिसरात माणसाळले. उलट २०१९ च्या एका अभ्यासाप्रमाणे सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या दुष्काळी काळापासून भारतीय वशिंडाच्या वळूंचा वंश पश्चिम आशियाच्या गुरांत मिसळत गेला. स्टेपची माणसे पूर्वेकडे येण्याच्या थोडे आधीपासून आपले वळू पश्चिमेकडे निघाले होते.

दख्खनमध्ये तर इ.स.पू. ३००० च्या सुमारास गुराख्यांच्या वस्त्या होत्या. कर्नाटक-आंध्रात जळालेल्या शेणाच्या राखेचे मोठाले ढीग आहेत. उतनूर येथे रेमंड ऑलचिन यांनी त्यांचे उत्खनन केले आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. गुरांचे वाडे, त्यांत साठलेले शेण आणि ते वारंवार पेटवण्याची रीत यांतून ते ढीग झाले. राखेत आणि उन्हात डीएनए टिकत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या नकाशावर हे लोक जवळजवळ नाहीतच. थंड मातीतल्या हाडांचा इतिहास लिहिला जातो आणि उष्ण मातीतल्यांचा राहून जातो. या मर्यादेकडे राइक यांनी अधिक लक्ष वेधायला हवे होते.

आणि पशुपालक म्हणजे एक 'लोक' असतात का? उत्तरासाठी महाराष्ट्राबाहेर जायला नको. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली गवळी धनगरांवर निबंध लिहिला होता. सह्याद्रीच्या धो-धो पावसात म्हशी पाळणारे गवळी धनगर आणि देशावरच्या कोरड्या माळावर मेंढरे घेऊन फिरणारे हटकर, दोघेही धनगरच. पण लग्नव्यवहार वेगळे, जनावरे वेगळी, राने वेगळी. नाव एक असूनही समूह अनेक. उद्या चार हजार वर्षांनी कोणी संशोधक दोन हाडे उचलून 'दख्खनचे पशुपालक' असा एक वंश ठरवील, तर आपण काय म्हणू? यमनाया म्हणून ज्यांना एका खोक्यात घातले आहे तेही एवढे एकजिनसी होते कशावरून?

राखीगढी आणि आपल्या घरचे भांडण

सुरुवातीच्या बैठकीकडे परत येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एक वर सांगितलेला ५२३ व्यक्तींचा. दुसरा राखीगढीचा. त्याचे प्रमुख पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे, आणि राइक दोन्हींत सहलेखक. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकातूनच, एका स्त्रीच्या हाडातून, वाचण्याजोगा डीएनए मिळाला. तिच्यात स्टेपचा अंश नव्हता. तिच्यातला इराणच्या बाजूचा अंशही शेती सुरू होण्याच्या आधीच इराणी शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून वेगळा झालेला होता. पुस्तकात इराणी शेतकऱ्यांनी भारतात शेती आणली असे जे चित्र होते, ते इथे राइक यांच्याच सहीने मागे घेतले गेले. दिल्लीत मात्र आर्य बाहेरून आल्याचा सिद्धान्त मोडला, असे जाहीर झाले. त्या स्त्रीचा काळ स्टेपचा अंश येण्याच्या आधीचा. पाहुणे येण्याआधी काढलेल्या फोटोत पाहुणे नाहीत, एवढेच त्यावरून सिद्ध होते. म्हणून त्या रात्री दोघेही एकच नाव घेत होते, आणि दोघेही अर्धेच वाचलेले सांगत होते.

हे भांडण आपल्याला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त आर्यांच्या आगमनाची कथा ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध वापरली. टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूळ घर ध्रुवप्रदेशात शोधले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांवरच्या ग्रंथात आर्यवंशाची कल्पनाच नाकारली. तिघांचे हेतू वेगळे होते, आणि तिघांनीही जुन्या ग्रंथांतून व दंतकथांतून उत्तर शोधले, कारण दुसरे साधन नव्हते. आपल्यापुढे साधन आहे, आणि तरीही आपण निकाल आधी ठरवून पुरावा नंतर वाचतो. कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या पुस्तकांवरून २००५-०६ मध्ये जो वाद झाला त्यात हाच प्रश्न होता आणि आपल्यातले पालक दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले होते.

पुराव्यातून दोन्ही बाजूंना गैरसोयीचे असेच निघते. स्टेपचा अंश आला, हे आता नाकारता येत नाही. तो आजच्या भारतीयांत कोणत्याही समूहात सुमारे तीस टक्क्यांच्या फार पुढे जात नाही. परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही समूहांत तो थोडा अधिक आहे, पण त्याच समूहांच्या पूर्वजांतही मोठा वाटा इथल्याच मातीतल्यांचा आहे. निव्वळ बाहेरचा कोणी नाही आणि बाहेरचे काहीच नाही असाही जवळजवळ कोणी नाही. भाषेबद्दल विचाराल, तर स्टेप आणि इंडो-युरोपीय भाषा यांचा सांधा जुळतो. पण तो भाषाशास्त्राच्या मदतीने जुळतो, हाडात व्याकरण नसते. या भाषांचे पहिले घर कॉकेशसच्या दक्षिणेला असावे असे राइक यांनी पुस्तकात सुचवले होते. २०२५ मध्ये त्यांच्याच गटाने ते उत्तर कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या दरम्यान हलवले. शास्त्र असेच चालते आणि त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो २०१८ चे पान २०१८ चे आहे हे विसरून मुलांना पाठ करून सांगण्यात.

तेव्हा पुस्तक जरूर घ्या. इथल्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत ते मिळते. पहिले भाग सावकाश वाचा, ते उत्तम आहेत. भारताचे प्रकरण वाचताना मात्र शेजारी २०१९ चे दोन्ही निबंध ठेवा, आणि 'पशुपालक' हा शब्द येईल तिथे क्षणभर थांबून विचारा की कोणते, कधीचे, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांचे काय. आमच्या बैठकीतल्या त्या गृहस्थांना एका शब्दात उत्तर हवे होते. ते मला अजून देता आलेले नाही, पण पुढच्या वेळी त्यांना मी हे पुस्तक आणि ते दोन निबंध एकत्र नेऊन देणार आहे.